चीनमध्ये इंटरनेटवर इतकी सेन्सॉरशिप असताना तिथल्या सेलिब्रिटींचे ब्लॉग कोट्यवधी लोक कसे वाचत होते?

तुमच्या प्रश्नातल्या ‘असताना’ या शब्दापाशीच मी अडलो. तिथे प्रसिद्धी देणारं आणि मजकूर उडवणारं दुकान एकच आहे.

२००५ मध्ये ‘सिना’ या पोर्टलने नट-नट्या, लेखक, खेळाडू यांना गाठून ब्लॉग लिहायला लावले. अभिनेत्री शू जिंगलेई रोजचं साधंसुधं लिहायची, मांजरांबद्दलसुद्धा. २००७ मध्ये तिच्या ब्लॉगने १० कोटी हिट्स ओलांडल्या. पण चीनच्या नियमांनुसार वाचकाने-लेखकाने काय लिहिलं याची जबाबदारी साइटवरही येते. त्यामुळे जी कंपनी तुम्हाला पहिल्या पानावर झळकवते, तिचीच माणसं तुमचा लेख काढून टाकतात.

मी तेव्हा शांघायमध्ये भाषांतराचं काम करत होतो. कादंबरीकार आणि रेसिंग ड्रायव्हर हान हान याचा ब्लॉग आमच्या ऑफिसात सगळे वाचायचे. नवा लेख आला की शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणायची, ‘आधी कॉपी करून ठेव, मग वाच.’ मी एकदा ऐकलं नाही. जेवून आलो तर पानावर ‘लेख हटवला आहे’ एवढीच ओळ. तिने तिची कॉपी मला मेल केली, तेव्हा कुठे वाचायला मिळाला. त्याच हान हानने २०१० च्या जुलैत मासिक काढलं, पहिला अंक तुफान खपला आणि दुसरा वाचकांपर्यंत पोहोचलाच नाही.

२००९ मध्ये फेसबुक-ट्विटर बंद झाले आणि त्याच वर्षी सिनाचंच वेइबो आलं, ट्विटरसारखं छोट्या पोस्टचं माध्यम. २०१३ च्या जानेवारीत ग्वांगझूच्या ‘सदर्न वीकली’चा नववर्षाचा अग्रलेख प्रचार खात्याने बदलायला लावला. तेव्हा अभिनेत्री याओ चेनने त्या साप्ताहिकाच्या लोगोसोबत रशियन लेखक सोल्झेनित्सिनचं सत्याविषयीचं एक वाक्य वेइबोवर टाकलं. तिचे फॉलोअर्स ३ कोटींच्या वर होते! मला तिचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयीन नियम आला: बदनामीकारक खोटी पोस्ट ५०० वेळा शेअर झाली किंवा ५००० वेळा पाहिली गेली, तर ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे जितके वाचक जास्त, तितका धोका मोठा. त्यानंतर मोठी नावं गप्प होत गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तर झाओ वेई या अभिनेत्रीचं नावच व्हिडिओ साइट्सवरच्या श्रेयनामावल्यांतून रातोरात गायब झालं, कारण न सांगता.

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती ३ जून २०२२ ची रात्र. लिपस्टिक विकून प्रसिद्ध झालेला ली जियाची लाइव्हवर आइस्क्रीमचा केक दाखवत होता. बाजूला बिस्किटांची चाकं, पुढे नळीसारखं वेफर, दिसायला रणगाडाच. प्रसारण तिथेच तुटलं. दुसऱ्या दिवशी ४ जून होता, तिआनआनमेनचा दिवस: १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लोकशाहीसाठीचं आंदोलन रणगाडे आणून चिरडलं गेलं, त्याचा स्मृतिदिन. त्याच्या विशीतल्या अनेक चाहत्यांना १९८९ मध्ये काय घडलं हे ठाऊकच नव्हतं. आमचा ली कुठे गेला, म्हणून ते शोधायला लागले आणि त्यातल्या काहींना रणगाड्याचा अर्थ तेव्हा पहिल्यांदा कळला. ली सप्टेंबरमध्ये परत आला. त्या केकबद्दल मात्र चकार शब्द नाही.

माझी ती सहकारी आजही मला लिंक पाठवत नाही. स्क्रीनशॉट पाठवते.