आधी नक्कल, मग दुरुस्ती

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप चालू केला की विंडोजचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरत राहतात आणि शेवटी 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा निळा पडदा येतो. कधीकधी काळ्या पडद्यावर फक्त 'बूट डिव्हाइस सापडत नाही' एवढंच दिसतं. आत १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क आहे. माझ्या प्रबंधाची सगळी प्रकरणं आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं त्यातच आहेत, दुसरीकडे काहीच नाही. मित्र म्हणतो चेकडिस्क चालव, भाऊ म्हणतो विंडोज नव्याने टाक. मी १ टीबीची नवी एसएसडी आणून ठेवली आहे. डिस्क क्लोन केली, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल काढली, तर लॅपटॉप पुन्हा चालू होईल का?

उत्तर : आज मित्राचंही ऐकू नका आणि भावाचंही. दोघांचे सल्ले निरोगी डिस्कसाठी ठीक आहेत. तुमची डिस्क निरोगी आहे की नाही, हेच अजून कळलेलं नाही.

चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन. दुरुस्तीच्या पर्यायासह चालवली तर ती फक्त तपासणी करत नाही, लिहितेही. खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) शोधायच्या पर्यायासह चालवली तर ती पूर्ण डिस्क वाचून काढते आणि एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही, तर त्यातल्या फाइलींची नावं-पत्ते सोडून देते. मग त्या फाइली 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकाने पडलेल्या सापडतात. एका अनुवादिकेची डिस्क माझ्याकडे आली होती, रात्रभर चेकडिस्क चालवून झाल्यावर. तिची हस्तलिखितं बरीचशी शाबूत होती, पण एकाही फाइलला नाव उरलं नव्हतं. विंडोज नव्याने टाकणं तर याहून वाईट, कारण ते तुमच्या जुन्या फाइलींच्या जागेवरच नवं लिहू शकतं. थकलेल्या डिस्कमध्ये वाचनाची ताकद मोजकीच उरलेली असते. ती नक्कल काढण्यात खर्च करायची. दुरुस्तीचे जे प्रयोग करायचे, ते नंतर नकलेवर.

तरी क्लोनच्या आधी एक गोष्ट बघा, कारण तिला एक मिनिट लागतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, जा. डिस्कचं मॉडेल तिथे दिसतंय का? घड्याळ जुन्याच कुठल्या तारखेवर गेलंय का? तसं असेल तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असू शकतो. बऱ्याच यंत्रांत तो सीआर २०३२ असतो. सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातात, साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड किंवा यूईएफआय-लेगसी हा चालू होण्याचा प्रकार बदलतो आणि धडधाकट डिस्कवरूनही विंडोज उठत नाही. हा दोष असेल तर क्लोनची गरजच नाही.

तारीख बरोबर असेल तर दुसऱ्या संगणकावर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅपटॉप त्यावरून चालू करा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. त्यात स्मार्टसीटीएल हे साधन वापरून डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. तीन ओळी महत्त्वाच्या : ५ क्रमांकाची, म्हणजे बदली केलेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, आणि १९८, म्हणजे दुरुस्त न झालेले. या ओळींचा शेवटचा, कच्चा आकडा बघायचा. वर 'पास' असं लिहिलेलं असेल, त्यावर विसंबू नका. १९७ मध्ये शेकड्यांनी सेक्टर अडकलेले असतानाही 'पास' म्हणणाऱ्या डिस्क मी नेहमी बघते.

१९७ मध्ये शून्य नसेल, तर तुमच्या लॅपटॉपचं कोडं बहुतेक सुटलं. विंडोजच्या रजिस्ट्रीतले (सेटिंगच्या साठ्यातले) किंवा एखाद्या ड्रायव्हरमधले थोडेसे सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून पूर्ण यंत्र अडून बसलंय, आणि तुमचा प्रबंध शेजारी सुखरूप असू शकतो. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच आहे. जे सेक्टर वाचता येणार नाहीत, ते नकलेतही रिकामे राहतील. म्हणून क्लोनवरून विंडोज उठेलच, असं वचन मी देत नाही. फाइली परत मिळण्याची आशा मात्र पुष्कळ आहे, आणि तुम्हाला विंडोज नकोय, प्रबंध हवाय.

आता जोडणी. जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये आहे तिथेच राहू द्या आणि नवी एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडा. उलटं करू नका. वाचनात चूक आली की यूएसबीचा पूल, म्हणजे अडॅप्टरमधली चिप, अनेकदा अडखळतो आणि डिस्क मधेच गायब होते, त्यामुळे आजारी डिस्क थेट साटावर असलेली बरी. अडॅप्टर सेक्टरचा आकार ५१२ बाइट दाखवतोय ना, हेही बघा. काही अडॅप्टर ४०९६ दाखवतात. तसल्या अडॅप्टरवर केलेला क्लोन लॅपटॉपच्या आत बसवला की विभाजनांचा (पार्टिशनचा) तक्ता जुळत नाही.

एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालणार नाही. १ टीबीच्या बहुतेक डिस्कमध्ये १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. ९६० जीबीची एसएसडी 'एक टीबीच समजा' म्हणून कुणी दिली असेल, तर ती परत करा.

सगळ्यात धोक्याची जागा पुढे आहे. तुमच्या दोन्ही डिस्क १ टीबीच्या आहेत, त्यामुळे आकारावरून कोणती कोणती ते ओळखता येणार नाही. एसडीए, एसडीबी ही नावंही यंत्र पुन्हा चालू केलं की अदलाबदल होऊ शकतात. म्हणून जोडलेल्या डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके (lsblk) या आज्ञेत मॉडेल आणि अनुक्रमांक मागवा, एसएसडीच्या लेबलवरचा अनुक्रमांक त्याच्याशी ताडून पाहा आणि कागदावर लिहा : 'जुनी, इथून. नवी, इथे.' दिशा उलटी झाली तर कोरी एसएसडी तुमच्या प्रबंधावर ओतली जाईल आणि त्यातून परत येण्याचा रस्ता नाही. एंटर दाबण्याआधी तो कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. इतकी वर्षं हे काम करत असूनही मी अनुक्रमांक मोठ्याने वाचते.

नकलेसाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. आंतोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं हे मोफत साधन अशाच डिस्कसाठी आहे. साधं डीडी पहिल्या खराब सेक्टरवर थांबतं. चुका दुर्लक्षित करायला सांगितलं, तर तिथेच धडका देत पुढे सरकतं, आणि डिस्क मेली तर पुढचा सगळा चांगला भाग राहून जातो. डीडीरेस्क्यू अडचणीची जागा आली की ती टाकून पुढे उडी मारतं, आधी सगळा सोपा भाग गोळा करतं आणि मग मागे येऊन उरलेल्या जागा कुरतडतं. काय मिळालं, काय राहिलं, याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. ही फाइल तिसऱ्या वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवलीत तर वीज गेल्यावर ती नाहीशी होईल. मॅप फाइल हातात असेल तर काम कधीही थांबवून तिथूनच पुढे नेता येतं.

आज्ञेत आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नवीचं, शेवटी मॅप फाइलचं. थेट डिस्कवर लिहायचं असल्यामुळे एफ (-f) हा पर्याय द्यावाच लागतो. पहिल्या फेरीत त्याच्याबरोबर एन (-n) द्या, म्हणजे कुरतडण्याचं काम ते सोडून देईल. ती फेरी संपली की एन काढून डी (-d, थेट डिस्कवरून वाचणं) आणि आर ३ (-r3, खराब जागांवर तीनदा पुन्हा प्रयत्न) देऊन दुसरी फेरी करा, त्याच मॅप फाइलसह. सेकंदाला १०० एमबी असा वेग टिकला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क हा वेग टिकवत नाही, आणि दुसरी फेरी तर दिवसभरही रेंगाळू शकते. चार्जर लावून ठेवा, झोपेचं सेटिंग बंद करा, लॅपटॉपखालून हवा खेळू द्या. टक्केवारी ९९ च्या पुढे जाऊन कूर्मगतीने सरकू लागली, तर घाबरायचं कारण नाही. आवाज बदलला, टकटक सुरू झाली, तर मात्र लगेच थांबवा. का, ते या पानावरच्या शेवटच्या प्रश्नात आहे.

एक सूट मी देईन, आणि सगळे जाणकार तिच्याशी सहमत होणार नाहीत. प्रबंधाच्या वर्ड फाइली सगळ्या मिळून थोड्याच एमबी असतील. विभाजन फक्त वाचनासाठी म्हणून उघडत असेल, तर क्लोनच्या आधी तेवढा एकच फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून घ्या. फोल्डर उघडताना यंत्र लटकलं तर हट्ट सोडा आणि क्लोनकडे वळा. ध्वनिमुद्रणांच्या मागे मात्र या टप्प्यावर लागू नका, ती मोठी असतात.

क्लोन झाला की यंत्र बंद करा, जुनी डिस्क काढा, तारीख लिहून बाजूला ठेवा आणि एसएसडी आत बसवा. दोन्ही एकाच वेळी विंडोजला दाखवू नका. दोघींची ओळख-सही एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. पहिलं काम म्हणजे एसएसडीवरून प्रबंध आणि ध्वनिमुद्रणं तिसऱ्या जागी नेणं. लॅपटॉप उठला नाही तर हेही लाइव्ह लिनक्समधूनच करा. त्यानंतर खुशाल मित्राची चेकडिस्क चालवा, स्टार्टअप रिपेअर करा, अगदी भावाचं ऐकून विंडोजही नव्याने टाका.

नेलेली प्रत्येक फाइल उघडून बघा. राहिलेला एखादा सेक्टर ध्वनिमुद्रणात पडला असेल, तर बहुधा कुठेतरी खट्ट होईल किंवा क्षणभर शांतता येईल, मुलाखत ऐकता येईल. वर्डची डॉक्सएक्स फाइल आतून झिप असते, तिच्यात एक भोक पडलं तरी ती उघडायला नकार देऊ शकते. तशी एखादी निघाली तर वर्डची स्वतःची दुरुस्ती वापरून बघा, आणि मार्गदर्शकांना मेलने पाठवलेला त्या प्रकरणाचा मसुदाही शोधा.

प्रश्न : क्लोन यशस्वी झाला असं पडद्यावर आलं, पण नव्या एसएसडीवरून चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. मी बिटलॉकर कधीच लावलं नव्हतं!

उत्तर : बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असेल. ज्या यंत्रांत टीपीएम ही किल्ली सांभाळणारी चिप असते त्यांपैकी अनेकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा आत शिरलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. सेक्टरन् सेक्टर नक्कल केली, म्हणजे कुलूपही नकलेत आलं. यंत्राची जोडणी बदललेली दिसल्यावर टीपीएमने किल्ली द्यायला नकार दिला, इतकंच घडलंय.

फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. तिथे रिकव्हरी की दिसतील. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जिच्याशी जुळतात ती घाला. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याने यंत्र पहिल्यांदा सुरू केलं असेल, तर त्या खात्यातही बघा. कार्यालयाचं यंत्र असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असू शकते. आत शिरल्यावर बिटलॉकर तात्पुरतं थांबवून पुन्हा सुरू करा, म्हणजे टीपीएम नव्या जोडणीशी जुळवून घेईल. किल्ली कुठेच सापडली नाही तर 'आम्ही बिटलॉकर फोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमची माहिती इतक्या चांगल्या कुलपात आहे की ते फोडता येत नाही.

प्रश्न : ५०० जीबीची डिस्क १ टीबीच्या एसएसडीवर क्लोन केली. उत्तम चालतंय, पण सी ड्राइव्ह ५०० चाच दिसतो आणि 'एक्स्टेंड' फिकं आहे.

उत्तर : सी आणि रिकाम्या जागेच्या मधे रिकव्हरीचं छोटं विभाजन बसलंय. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट फक्त उजवीकडे लागून असलेली जागा घेऊ शकतं. लाइव्ह लिनक्सवर जीपार्टेड हे विभाजनं बदलायचं साधन उघडा. तक्ता डिस्कच्या शेवटापर्यंत नाही, दुरुस्त करू का, असं ते विचारेल, त्याला हो म्हणा. जीपीटीची, म्हणजे विभाजनांच्या तक्त्याची, दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असावी लागते आणि तुमच्याकडे ती अजून मधेच अडकलेली आहे. मग रिकव्हरी विभाजन टोकाला सरकवा आणि सी वाढवा. त्याआधी बॅकअप घ्या, आणि सी बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ते आधी पूर्ण उघडा.

प्रश्न : माझी बाहेरची हार्ड डिस्क टक-टक असा आवाज करते, दिसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून मग क्लोन करावा असं कुणीतरी सांगितलं. करू का?

उत्तर : नका करू, कळकळीने सांगते. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. डिस्कमधलं वाचनाचं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, तिथे ओलाव्याला जागा नाही. टक-टक म्हणजे बहुधा ते डोकं आपली जागा सापडत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा कडेला जाऊन आपटतंय. प्रत्येक वेळी वीज दिली की तबकडीवर ओरखडा पडण्याचा धोका वाढतो, आणि ओरखडा पडला की तिथली माहिती कुणालाच मिळत नाही. डीडीरेस्क्यूही इथे उपयोगाचं नाही, कारण त्याला निदान दिसणारी डिस्क लागते.

तारा काढा. झाकण उघडू नका. आतली माहिती तुम्हाला खरोखर हवी असेल, तर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडेच द्या. ते त्याच मॉडेलच्या डिस्कमधून डोकी काढून बसवतात आणि मग तिची नक्कल घेतात. डिस्कबरोबर एक चिठ्ठी द्या : आवाज केव्हा सुरू झाला, डिस्क पडली होती का, त्यानंतर ती कितीदा लावून पाहिली, कोणतं सॉफ्टवेअर चालवलं, पासवर्ड किंवा कुलूप होतं का. पडली असेल तर पडली असंच लिहा. त्यावरून डिस्क एकदाही न फिरवता थेट उघडायची की नाही, हे ते ठरवतात.