गिअर पडेना, इंजिन ओरडतंय

प्रश्न : द्राक्षाचे क्रेट भरून घाट चढताना माझ्या ऑटोमॅटिक पिकअपला तिसरा गिअर पडायला वेळ लागतो. इंजिन नुसतं ओरडतं, मग धक्का बसतो. गिअरबॉक्स उतरवू का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : एवढ्यात नको! आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसेल तर गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ऑइल मॅन्युअलमधल्या तापमानाला आल्यावर लेव्हल प्लग (पातळी बघायचं बूच) उघडतात. थंड गाडीवरचं माप खोटं. काळं, जळकट वासाचं निघालं तर क्लच प्लेटा घासल्यात असं धरा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत कुणी ऑटोमॅटिकच्या खास ऑइलऐवजी साधं गिअर ऑइल ओतलं होतं. मालकाला विचारलं तर म्हणे, ‘स्वस्त पडलं.’ ऑइल ठीक असेल तर बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड म्हणजे नुसती दाराची बेल, गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघडलंय एवढंच सांगणारी. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये सापडतो. कधीकधी सोलेनॉइड, म्हणजे ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बदलूनच भागतं.