जुन्या व्हिडिओ गेम्सच्या कॅसेटी एवढ्या महाग का झाल्या? आता हा छंद सुरू करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी खेळलेले गेम्स परत घ्यावेत म्हणून बघायला बसलात आणि किमती बघून डोळे पांढरे झाले, या जुन्या प्लास्टिकला एवढा भाव कशाचा आणि आता सुरुवात करण्यात काही राम उरलाय का. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, राम आहे, पण "मला सगळंच पाहिजे" म्हणून उतरणार असाल तर नाहीये. मी बारा-तेरा वर्षं हे खूळ डोक्यात घेऊन बसलोय, त्यात थोडे पैसे वाचवले आणि बरेचसे मूर्खासारखे घालवले, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढा. अटारी २६०० या जुन्या कन्सोलवरचा (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) पॅकमॅन १९८२ चा आहे, म्हणजे वयाने बघितलं तर आजोबाच, आणि आजही तो जवळपास चिल्लरीत मिळतो, कारण त्याच्या कॅसेटी काढल्याच एवढ्या ढिगाने होत्या. त्याच अटारीचा ईटी हा सिनेमावरचा गेम तर इतका आपटला की कंपनीने १९८३ मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत ट्रक भरभरून पुरला. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला आणि चेपलेल्या, वास मारणाऱ्या कॅसेटी लिलावात गेल्या, आणि गंमत बघा, कपाटात नीट जपलेल्या ईटीला कोणी विचारत नाही पण कचऱ्यातून काढलेला ईटी कितीतरी पट जास्त भावाने गेला. म्हणजे लोक कॅसेट नाही, किस्सा विकत घेतात.

दुसरं, दुर्मिळ म्हणजे महाग हेही अर्धवटच खरं आहे. पोकेमॉन हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर मिळून सव्वा कोटीच्या आसपास खपलेत, याला दुर्मिळ कोण म्हणेल? तरी भाव बघा त्यांचा. कारण साधं आहे, तेव्हा जो दहा वर्षांचा पोरगा होता त्याला आता पगार आहे, आणि तेव्हा जो गेम घरच्यांनी घेऊन दिला नाही तो त्याला आता पाहिजेच आहे. दर दहा-बारा वर्षांनी अशी एक नवी पिढी बाजारात येते आणि आपापलं बालपण महाग करून टाकते. उलट त्याच काळातले फुटबॉलचे, बास्केटबॉलचे वर्षाला एक निघणारे गेम्स, ते पडून असतात, नुसतं शेल्फ भरायचं असेल तर पोत्याने घ्या.

खरी टंचाई असते ती एका ठराविक जागी, कन्सोल मरायला टेकलेला असताना आलेल्या गेम्समध्ये. नवा कन्सोल दुकानात लागलेला असतो, जुन्यासाठी कोणी पैसे काढत नाही, कंपनी थोड्याच कॅसेटी छापते, आणि नेमका तोवर प्रोग्रामर मंडळींना त्या मशीनची नस सापडलेली असते म्हणून गेम भारी निघतो. निन्टेंडोच्या पहिल्या कन्सोलवरचा लिटल सॅमसन १९९२ चा, तेव्हा त्यांचा पुढचा कन्सोल सुपर निन्टेंडो आलेला होता. निन्टेंडो ६४ वरचा कॉन्कर २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षी गेमक्यूबही आला. सेगा सॅटर्नवरचा पँझर ड्रॅगून सागा १९९८ चा, चार डिस्कचा, तेव्हा सॅटर्नचा जीव जवळजवळ गेलेलाच होता. हे तिन्ही आज असे आहेत की यादीत लिहायचे आणि पान उलटायचं.

सुपर निन्टेंडोवरच्या अर्थबाउंड या गेमचं वेगळंच. १९९५ मध्ये अमेरिकेत आला, सोबत जाडजूड गाइड म्हणून खोका अवाढव्य, जाहिराती कसल्या तर हा गेम कसा घाण वास मारतो याच्या (खरंच, मासिकात खरवडून वास घ्यायचे कागद दिले होते), चालला नाही. आता खोक्यासकट पूर्ण अर्थबाउंड म्हणजे लोकांचं लग्नाचं बजेट. पण हाच गेम जपानमध्ये मदर २ नावाने १९९४ मध्ये आला आणि तिथे खूप जास्त खपला, त्यामुळे जपानी कॅसेट आजही त्याच्या एका बारक्या तुकड्याएवढ्या किमतीत मिळते. गेम तोच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता खोक्याचं बोलतो कारण पैसा खरा तिथे मुरतो. निन्टेंडोचे जुने गेम्स पुठ्ठ्याच्या खोक्यात यायचे आणि मुलांनी ते काय केले? पहिल्याच दिवशी फाडून फेकले. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या गेम्सना बहुतेक वेळा प्लास्टिकच्या डब्या दिल्या, त्या टिकल्या, म्हणून सेगाचे गेम्स डबीसकट मिळणं त्यामानाने सोपं आहे. निन्टेंडोचा मात्र गेम एका भावाने आणि नुसता रिकामा खोका कधी कधी गेमहून जास्त भावाने, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी सुरुवातीला खोक्यांच्या मागे लागलो होतो, एक सुपर निन्टेंडोचा खोका घेतला, कोपरे कडक, रंग छान, आणि आठ महिन्यांनी कपाटात दमट हवेने पुठ्ठ्याला पोट सुटलं. त्या दिवसापासून मी फक्त कॅसेट घेतो. तुम्हालाही तेच सांगेन.

भाव एकदम चढले ते कोरोनात. २०२० मध्ये सगळे घरी, वेळ भरपूर, माळे साफ करून झाले, जुने फोटो बघून झाले, मग जुने गेम्स आठवले. त्यात लिलाववाले घुसले. जुलै २०२१ मध्ये हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीत सील न उघडलेला झेल्डा मालिकेतला पहिला गेम ८ लाख ७० हजार डॉलरला गेला आणि दोनच दिवसांत सील न उघडलेला सुपर मारिओ ६४ गेला १५ लाख ६० हजार डॉलरला. आता सुपर मारिओ ६४ हा जगभर एक कोटीच्या वर खपलेला गेम आहे हो! तिथे पैसा गेमला नव्हता, प्लास्टिकच्या पेटीत बंद करून वर चिकटवलेल्या ९.८ या ग्रेडला (वस्तू किती नवीकोरी आहे याचे दहापैकी गुण) होता. पण बातमी पसरली आणि घरात दोन कॅसेटी सापडलेला प्रत्येक माणूस स्वतःला लखपती समजायला लागला. तो ताप नंतर बराच उतरला पण २०१९ च्या भावावर काही गोष्टी परत आल्याच नाहीत. मग मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीन्सचं ऑनलाइन दुकान बंद केलं, म्हणजे डाउनलोडने विकत घ्यायचा रस्ता गेला, मग खऱ्या कॅसेटींवर उड्या. दुकान बंद होतंय अशी बातमी आली की त्या कन्सोलचे गेम्स घ्यायची वेळ निघून गेली असं समजा, ते त्याआधी घ्यायचे असतात, जेव्हा कन्सोल नुसता शिळा असतो, रेट्रो झालेला नसतो आणि लोक तो विकून टाकत असतात.

घेताना काय बघायचं. मागितलेली किंमत कधीच बघू नका, मागायला कोणाचं काय जातं. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायचा फिल्टर आहे तो लावा, किंवा प्राइसचार्टिंग या साइटवर नुसती कॅसेट, पूर्ण सेट आणि सीलबंद असे वेगवेगळे भाव दिसतात ते बघा. आणि एखादा सुटा गेम घेण्यापेक्षा कोणी कन्सोल, दोन कंट्रोलर, वायरींचा गुंता आणि पंधरा कॅसेटी एकत्र काढत असेल तर तो लॉट घ्या, हवे ते ठेवा, बाकीचे विका, माझा अर्धा संग्रह असाच झालाय.

भाषा न लागणारे गेम्स, म्हणजे उड्या मारायचे, गोळ्या झाडायचे, रेसिंगचे, हे जपानी घ्या, स्वस्त पडतात आणि जपानी लोक वस्तू जपून ठेवतात. गेमबॉय आणि गेमबॉय ॲडव्हान्सला देशाचं कुलूपच नाही, कुठलीही कॅसेट कुठेही चालते. सुपर निन्टेंडोचं मात्र अमेरिकन मशीनमध्ये आत प्लास्टिकचे दोन दात आहेत, जपानी कॅसेट तिथे अडते, लोक पक्कडने ते दात मोडतात (मी मोडलेत, काही होत नाही). आणि युरोपियन जुने गेम्स घेताना जरा थांबा, तिकडे ५० हर्ट्झचा टीव्ही होता, बरेचसे गेम्स अमेरिका-जपानच्या ६० हर्ट्झवाल्यांपेक्षा हळू चालतात आणि एकदा मूळ वेग माहीत असला की ते सुस्तावलेलं संगीत कानाला टोचतं.

आता नकली मालाबद्दल, कारण भाव वाढले की हे आलंच. मी गेमबॉय ॲडव्हान्सचा एक पोकेमॉन एमराल्ड घेतला होता, विकणारा गोड बोलणारा, फोटो स्वच्छ, भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी, म्हणजे संशय येणार नाही इतकाच. चालू झाला, खेळलो, चाळीसेक तास घालवून शेवटची लीग जिंकली, सेव्ह केलं, बंद केला, परत लावला तर सेव्ह गायब. तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणून उघडला तर आत बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक ठिपका, त्याखाली चिप, बॅटरीची जागा रिकामी, आणि पिनांच्या वर निन्टेंडो हे नाव असायला पाहिजे तिथे काहीच नाही. ते नाव न उघडताही खालून तिरकं धरून दिसतं, मी बघितलंच नव्हतं. शिवाय खऱ्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या स्टिकरवर एक बारीक आकडा दाबून उमटवलेला असतो, नखाने लागतो. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणाला तुम्हीच बिघडवला असेल. गेले पैसे. आता मी खालून पिनांचा फोटो मागतो आणि जो द्यायला कुरकुर करतो त्याला राम राम.

नुसतं खेळायचंच असेल तर एवढं सगळं कशाला, एव्हरड्राइव्हसारखी एक फ्लॅश कॅसेट घ्या, मूळ कन्सोलवर मेमरी कार्डवरून गेम्स चालतात, किंवा एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून कॉम्प्युटरवर गेम चालवणारं सॉफ्टवेअर), किंवा कंपन्यांनीच परत काढलेले संच. अर्थबाउंड आता निन्टेंडोच्या वर्गणीत मिळतो, २०२२ पासून. याला कोणी दुधाची तहान ताकावर म्हणेल, मी म्हणत नाही, मला ताक आवडतं. अडचण एवढीच की सगळं असं मिळत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तर अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात नव्याने विकतच मिळत नाहीत. म्हणजे त्यांच्यासाठी जुनी कॅसेट नाहीतर कायद्याच्या कडेकडेने जाणारी कॉपी, तिसरा रस्ता नाही. कोणता घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक छुपा खर्च कोणी सांगत नाही, तो दुरुस्तीचा. सेगाचं हातात धरून खेळायचं गेम गिअर घेतलंत तर त्याचे कपॅसिटर गळके असणार हे धरूनच चाला. बंदुकीचे गेम्स पाहिजेत तर जुना डबा टीव्ही लागतो, नव्या पातळ टीव्हीवर ती बंदूक आंधळी आहे. पिना साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, आणि हो, आपण सगळ्यांनी जी फुंकर मारली ना कॅसेटमध्ये, ती चुकीची होती, थुंकीची वाफ जाऊन पिना गंजतात. चालायची ती काढून परत बसवल्यामुळे.

आणि बॅटरी. जुन्या बऱ्याच कॅसेटींमध्ये सेव्ह टिकवायला घड्याळातल्यासारखी एक गोल बॅटरी आत डाखलेली असते, ती मेली की सेव्ह गेलं, आणि बदलायला काढली तरी गेलं. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये आत घड्याळही चालतं म्हणून ती लवकर संपते. मी काही वर्षांपूर्वी गेमबॉयचा झेल्डा घेतला, लिंक्स अवेकनिंग, १९९३ चा, नुसती कॅसेट, स्टिकरचा कोपरा कोणीतरी कुरतडलेला. बॅटरी बदलायची म्हणून डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं आणि सहज एकदा लावून बघितला तर आत कोणाचं तरी सेव्ह होतं, आणि नावाच्या जागी लिहिलेलं, थीफ. या गेममध्ये दुकानातून वस्तू न पैसे देता घेऊन पळालात तर गेम तुमचं नाव काढून चोर ठेवतो आणि मग सगळं गाव तुम्हाला शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारतं, आणि परत त्या दुकानात गेलात तर दुकानदार जीवच घेतो. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी पोराने धनुष्य ढापलं असणार, कारण ते फार महाग आहे, आणि मग घाबरून गेम सोडला की काय कोण जाणे, पुढे फारसा गेलेलाच नव्हता. सोल्डरिंग आयर्न बंद केलं. कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवायचं एक छोटं रीडर मिळतं ते मागवलं, दोन आठवडे वाट बघितली, सेव्ह काढून घेतलं, बॅटरी बदलली, सेव्ह परत टाकलं. तुम्हीही जुनी कॅसेट घेतलीत तर आधी ते रीडर घ्या, स्क्रूड्रायव्हर नंतर. मी माझा खेळ दुसऱ्या स्लॉटमध्ये सुरू केलाय, पहिल्यात चोर आहे तसाच आहे.