तिच्या वाढदिवसाला तिला काही विचारू नकोस

अरे,

तुझा मेसेज वाचला. "काका, मार्चच्या शेवटी हिचा वाढदिवस आहे, मोठा साडेतीन वर्षांचा, छोटी सव्वा वर्षाची, इथे आपलं माणूस कोणी नाही, काय करू?" फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हो हो करतोस आणि विसरतोस म्हणून लिहितोय. या विषयातला माझा अधिकार म्हणशील तर एवढाच की यातलं जवळपास सगळं मी एकदा तरी चुकवलेलं आहे.

आम्हाला परदेशात येऊन तिसरं वर्ष असेल तेव्हा. मी ठरवलं, जंगी सरप्राइज द्यायचं. आठ कुटुंबं बोलावली, तीही घरीच, आणि सरप्राइज म्हटल्यावर तिला सांगायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा ही जुन्या टीशर्टवर, खांद्यावर बाळाने काढलेल्या दुधाचा डाग, हॉलभर कपडे वाळत घातलेले. सगळे ओरडले, ती हसली, आणि मग पुढचे चार-पाच तास कोणाला पाणी दे, कोणाच्या बाळाचं दूध गरम करून दे, कोणाच्या मुलाला बाथरूम दाखव हेच चाललं. रात्री साडेअकराला मी किचनमध्ये गेलो तर ही सिंकपाशी उभी राहून प्लेट्स घासतेय आणि डोक्यावर अजून ती कागदाची बर्थडेची टोपी, हनुवटीखाली इलॅस्टिकचा लाल वळ. म्हणाली, काढायला हात कोरडे नव्हते. आणि मी काय केलं, तर फोन काढून फोटो काढला. पुसायचं फडकं नाही घेतलं हातात.

तो फोटो अजून आहे आणि दर वर्षी मला दाखवला जातो, म्हणजे शिक्षा संपलेली नाही.

तर मला तुला मुख्य जे सांगायचंय ते असं की, आपल्या माणसांत असतो तेव्हा वाढदिवस आपोआप होतो रे. कोणीतरी मुलांना उचलून बाहेर नेतं, कोणीतरी स्वयंपाकघर ताब्यात घेतं, आणि उत्सवमूर्ती नुसती बसून राहिली तरी चालतं. तिकडे ही सगळी माणसं तूच आहेस. तू ती जागा भरली नाहीस तर ती कोण भरणार, तीच. आणि जागा भरायची म्हणजे सगळ्यात आधी प्रश्न विचारणं बंद करायचं. "आज काय करूया?", "केक कुठला आणू?", "छोटीचा स्वेटर कुठे आहे?", हा एकेक प्रश्न म्हणजे तिच्यासाठी एकेक काम आहे. "तुला काय हवंय?" विचारलंस तर ती म्हणणार "काही नको" आणि तू ते खरं धरशील, मीही सात वर्षं धरलं. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांत ती जाता जाता काय काय बोलली ते आठव. "केस कापायचेत, वेळच होत नाहीये", "एकदा पूर्ण सिनेमा बघायचाय". तिथेच उत्तर आहे, तू फक्त बुकिंग करायचंय, आणि तेही आत्ता, आदल्या रात्री नाही.

सकाळी तिला झोपू दे. पण झोपू दे म्हणजे मुलांना घेऊन घराबाहेर पड, बाजूच्या खोलीत कार्टून लावून नाही. घरात राहून "तू झोप गं" म्हणण्याला काही अर्थ नसतो, दाराच्या फटीतून "आईऽऽ" ऐकू आलं की ती जागी होणारच. छोटी अजून अंगावर पितेय म्हणालास, मग तिचं सकाळचं पिऊन झालं की लगेच निघा. डायपर, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, पाणी, खाऊ अशी पिशवी रात्रीच भरून ठेव (ती कुठे असते हेही विचारायचं नाही). दोन तास बाग, लायब्ररी, तळं, काहीही, पाऊस असेल तर रेनकोट घालून.

यात एक घोळ होतो तो फोनचा. घरच्यांचं प्रेम उतू जातं आणि वेळेचा फरक कोणाच्या लक्षात राहत नाही, मग तुम्ही ज्या एका सकाळी झोपणार नेमकी त्याच सकाळी व्हिडिओ कॉल. त्यात तुमची तारीख मार्चची, म्हणजे घड्याळ बदलायचा काळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि आपल्याकडे ते बदलतच नाही, त्यामुळे घरच्यांच्या डोक्यात जो हिशोब पक्का बसलाय तो नेमका त्या दिवसांत चुकतो. दोन दिवस आधी सगळ्यांना मेसेज टाक, की अमुक वेळेला, तुमच्याकडचे इतके वाजता, सगळे एकत्र एकाच कॉलवर या, त्याआधी फक्त मेसेज. आणि त्या कॉलवर मुलांना तू सांभाळ, तिला तिच्या आईशी दहा मिनिटं एकटीला बोलू दे. परदेशात वाढदिवसाच्या दिवशी आईचा आवाज ऐकून रडू येतं रे, त्यावर लगेच "अगं रडतेस काय" असं म्हणत जाऊ नकोस.

आता मोठ्याबद्दल. त्याला सरप्राइज सांगायचं असेल तर अर्धा तास आधी सांग, आदल्या दिवशी नाही. आमच्या मोठीने चार वर्षांची असताना नाश्त्यालाच जाहीर केलं होतं, "आई, बाबाने केक गॅरेजमध्ये लपवलाय, पण ते सीक्रेट आहे." त्या वयात तो काही आगाऊपणा नसतो. ऑस्ट्रियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, विमर आणि पेर्नर, १९८३ चा एक गाजलेला प्रयोग आहे. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, तर मुलगा परत आल्यावर कुठे शोधेल? तीन-चार वर्षांची पोरं सांगतात, नवीन कपाटात. म्हणजे आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसेल ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात अजून नीट बसलेली नसते, मग लपवायचं कुणापासून आणि कशाला!

गिफ्टचं मात्र उलट. आईला काय आवडतं हे मुलांना आपल्याला वाटतं त्याच्या बरंच आधी कळतं. १९९७ चा प्रयोग आहे, बाई मुलांसमोर ब्रोकोली खाऊन वा वा करते आणि बिस्किटं खाऊन तोंड वाकडं करते, मग हात पुढे करून म्हणते मला दे. १४ महिन्यांची मुलं स्वतःला आवडणारी बिस्किटंच देतात, १८ महिन्यांची ब्रोकोली देतात. गंमत आहे ना? पण हे सगळं प्रयोगात. दुकानात नेलंस तर तुझा साडेतीन वर्षांचा डायनासोरच उचलणार, आणि आईला डायनासोर हवाय असं छातीठोकपणे सांगणार. घेऊ दे. किंवा नेऊच नकोस, घरातलंच काहीतरी द्यायला सांग. आमच्या मोठीने स्टिकरचं वापरलेलं पान दिलं होतं, चांगले चांगले स्टिकर आधीच काढून घेतलेले, उरलेली एक गोगलगाय आणि अर्धा ढग. हिने ती गोगलगाय फोनच्या कव्हरवर लावली, कव्हर बदललं तेव्हा ते जुनं कव्हर टाकू दिलं नाही.

केक रात्री कापू नका. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाचं धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३, आणि ती मोडली की पुढची सगळी रात्र कोणाच्या वाट्याला येते ते तुला माहीत आहे. दुपारची झोप झाली की चार-साडेचारला उरकून टाक. मेणबत्ती मोठ्याला विझवायची असणार, विझवू दे, फक्त त्याचं नाक वाहत असेल तर केकचा तिचा तुकडा आधीच बाजूला काढून ठेव. गाणं वाजवणारी मेणबत्ती किंवा ग्रीटिंग कार्ड मात्र घरात आणू नकोस, त्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते, छोटीने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, चुकून गिळलीच तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची. आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचल, ते घशात अडकतात.

संध्याकाळी दोघांनीच बाहेर जायचा विचार असेल तर बेबीसिटर त्या दिवशी पहिल्यांदा नको. आधी दोनदा तरी बोलव, तुम्ही घरात असताना. नाहीतर तुझी बायको जेवताना सारखा फोन बघत बसेल. मला विचारशील तर दुसरं एखादं कुटुंब गाठ, त्यांचीही मुलं लहान असतील असं. आज दोन तास तुमची मुलं त्यांच्याकडे, पुढच्या महिन्यात त्यांची तुमच्याकडे. मागायला लाज वाटते, मला वाटायची, पण तेही कोणीतरी विचारेल म्हणून थांबलेले असतात. आणि काहीच जमलं नाही तर मुलं झोपल्यावर घरीच बसा, फक्त तेव्हा लॅपटॉप उघडू नकोस.

फोटो काढ, तिचे, मुलांसोबतचे. आमच्या पहिल्या पाच वर्षांच्या अल्बममध्ये ही जवळपास नाहीच, कारण फोटो काढणारी तीच. "इकडे बघ" न म्हणता काढ, ती बुटाचे बंद बांधत असताना, छोटीला खांद्यावर घेऊन खिडकीत उभी असताना.

खर्चाचं विचारलं होतंस. जमेल तेवढा कर, हिला माझी कुठली गिफ्ट आठवत नाही, एक ती टोपी सोडून.

आणि भांडी त्याच रात्री घास, सकाळवर टाकू नकोस, सकाळी ती तुझ्या आधी उठते. हवं तर टोपी घालून घास आणि तिला फोटो काढू दे.

काका