‘म्हणे’चे आंदीजमधले भावंड

प्रश्न असा आहे : ‘पाऊस पडतोय म्हणे’ यातला ‘म्हणे’ जे काम करतो, तसे काम करणारे काही दुसऱ्या भाषांत आहे का?

आहे, आणि चांगले ऐसपैस आहे. दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वताच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागांत 80 लाखांच्या आसपास लोक क्वेचुआ बोलतात. ते तिला रुनासिमि, म्हणजे माणसांची बोली, म्हणतात. पेरूतल्या कुस्कोकडे ‘पाराशानमि’ म्हटले की पाऊस पडतोय आणि मी तो पाहतोय. ‘पाराशानसि’ म्हणजे पडतोय म्हणे. ‘पाराशानचा’ म्हणजे पडत असावा, माझा आपला अंदाज.

पेरूतल्याच वानुको भागातल्या क्वेचुआचे एक उदाहरण मला फार आवडते. (तिथे ‘सि’चा ‘शि’ होतो आणि ‘चा’चा ‘चि’.) वाक्य एकच : ‘तूही मला मारलंस’. ‘मि’ लावला तर मारताना मी तुला पाहिले. ‘शि’ लावला तर मी तेव्हा प्यायलेलो होतो, नंतर कुणीतरी सांगितले. ‘चि’ लावला तर घोळक्याने मारले, त्यात तूही असशील. पोलिसांचे अर्धे काम प्रत्ययच करतो!

मात्र क्वेचुआ माणूस फक्त डोळ्यांनी पाहिलेलेच ‘मि’ लावून सांगतो, असे नाही. आफ्रिकेत हत्ती आहेत, हे तिथे न जाताही ‘मि’नेच सांगतात, कारण ते सर्वांना पक्के ठाऊक असते. शिवाय प्रत्येक वाक्याला प्रत्यय हवाच, असाही नियम नाही.

आपल्या ‘म्हणे’त एक खोच आहे, ती ‘सि’त सहसा नसते. ‘तो साहेब झालाय म्हणे’ ही नुसती बातमी. पण ‘म्हणे साहेब झालाय!’ म्हटले की नाक मुरडलेले दिसते. ‘सि’ला खऱ्याखोट्याशी देणेघेणे नाही. सांगणारा म्हणतो, मी ऐकले ते दिले, जबाबदारी माझी नाही. म्हणूनच तिथल्या लोककथांत तो पावलोपावली येतो.

‘म्हणे’चे खरे जुळे भावंड मात्र आंदीजमधल्या स्पॅनिशमध्ये सापडते. क्वेचुआच्या शेजाराने तिथले लोक वाक्याच्या शेवटी नुसते ‘दिसे’ जोडतात. शब्दशः अर्थ ‘म्हणतो’. कोण म्हणतो, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.