अठरा हजारांत पुण्यात संसार : खोली शोधण्याआधी कंपनीची बस कुठून सुटते ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : धाकटा भाऊ आयटीआय फिटर, नांदेडहून चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत लागतोय, पगार 'अठरा हजार' सांगितलाय. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. एवढ्यात भागेल का, आणि खोली कुठे घ्यावी? वर उत्तर देणाऱ्या दोघा-तिघांनी "चाकणलाच घ्या, जाण्यायेण्याचा खर्च वाचतो" असं सांगितलंय. एकटा येणार असता तर मीही तेच म्हणालो असतो. बायको-मुलीला घेऊन येणार असेल तर मात्र माझं मत वेगळं आहे. पण आधी त्या अठरा हजारांकडे बघू, कारण निम्मा घोळ तिथेच असतो.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, कंत्राटदारांची बिलं, सगळं हातावरून गेलंय. त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगितला की मी पहिल्यांदा विचारतो : हा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) की सीटीसी (कामगारामागे मालकाला पडणारा एकूण खर्च)? दोन्हींत फरक केवढा पडतो ते पाहा. अठरा हजार ग्रॉस असेल आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) तेरा हजार असेल, तर १२ टक्क्यांनी पीएफ १,५६० कापला जाईल, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्क्यांनी १३५, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात सोळा हजार शंभर. तेच अठरा हजार सीटीसी असेल, तर मालकाच्या वाट्याचा पीएफ, मालकाचा ३.२५ टक्के ईएसआय आणि दिवाळीचा बोनससुद्धा त्याच अठरा हजारांत बसवलेला असतो. मग ग्रॉस उरतो साडेपंधरा हजारांच्या आसपास, आणि बेसिक-डीए बारा हजार धरला तर हातात पडतात पावणेचौदा. आकडा तोच, पण महिन्याला साडेतेवीसशेंचा फरक. म्हणजे अर्ध्या महिन्याचा किराणा.

दुसरं विचारायचं ते हजेरीचं. कंत्राटी कामगाराला पगार बहुधा २६ दिवसांच्या हिशोबाने हजेरीवर मिळतो. १८,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला ६९२ रुपये. लग्नाला गावी चार दिवस गेला की पावणेतीन हजार गेले. तिसरं ओव्हरटाइमचं. कायद्याने तो दुप्पट दराने द्यायचा असतो, पण कंत्राटदाराकडे 'सिंगल ओटी' (एकपट दराचा ओव्हरटाइम) हा शब्द इतका रुळलाय की पोरांना तेच बरोबर वाटतं. वरच्या हिशोबात तासाला ८६ च्या जागी १७३ मिळायला हवेत. आणि "ओटी धरून पंचवीस सुटतात" असं कुणी सांगितलं तर त्यावर घरभाडं ठरवू नका. ऑर्डर कमी झाली की कंपनी पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद करते आणि त्यानंतर कंत्राटी माणसं कमी करते.

नेमणूकपत्र मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. त्या पत्रावर तो 'कामगार' आहे की 'ट्रेनी', एवढं नीट वाचा. ट्रेनी म्हणून घेतलं की पीएफ नाही, ईएसआय नाही, मिळतो तो स्टायपेंड, आणि काम मात्र शेजारच्या मशीनवरच्या माणसाएवढंच. ते हातातले अठरा हजार सोळापेक्षा गोड वाटतात, पण आजारपण आलं की कळतं. गेटपास, बूट, गणवेश किंवा 'फाइल चार्ज' म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर तिथून सरळ उठायचं. चाकण-रांजणगाव भागात नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेऊन पसार होणारे पैशाला पासरी आहेत, आणि मराठवाड्याहून नुकतं आलेलं पोर हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक.

ईएसआयबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण कपात दिसते आणि फायदा दिसत नाही म्हणून लोक ते नको म्हणतात. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ते लागू होतं आणि उपचार बायको-मुलांनाही मिळतात. चिंचवडला मोहननगरला आणि पुण्यात बिबवेवाडीला त्यांची रुग्णालयं आहेत. गर्दी असते, रांगेत अर्धा दिवस जातो, हे खरं. पण आजारी पडून घरी बसला तर ७० टक्क्यांच्या हिशोबाने वर्षात ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात, हे कंत्राटी कामगाराला दुसरं कोण देतं? मात्र त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. म्हणून पहिल्याच महिन्यात कार्ड काढून त्यात बायको-मुलीची नावं चढवून घ्या. पीएफचंही तसंच : यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेवायचा, कंत्राटदार बदलला तरी नवा काढू द्यायचा नाही, आणि पासबुकात दर महिन्याला रक्कम पडते का ते पाहायचं. पगारातून कापलं पण भरलंच नाही, असं होतं. मग कंत्राटदाराशी भांडत बसण्यापेक्षा कंपनीच्या एचआरकडे लेखी द्यावं. कंत्राटदार बुडवत असेल तर शेवटी जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि हे एचआरला तुमच्या भावापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिथेही दाद लागली नाही तर शिवाजीनगरला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

आता खोली.

सोळा हजारांत तिघांचं पुण्यात भागतं का? एकाच्या पगारावर, खरं सांगायचं तर, नाही. भाडं, वीज, गॅस, किराणा, मोबाइल, मुलीचं दूध आणि गावी आईवडिलांना पाठवायचे थोडेफार. यात महिनाअखेरीला हात रिकामाच. कमी पगारात पुण्यात टिकलेली जी घरं मी पाहिली, त्यांतल्या जवळपास सगळ्यांत दुसरी कमाई होती, आणि ती बहुतेक बाईची. ती कमाई होणार की नाही हे तिच्या शिक्षणापेक्षा खोली कुठे आहे यावर ठरतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : भावाच्या गेटजवळची खोली शोधू नका, वहिनीला काम आणि मुलीला शाळा चालत्या अंतरावर मिळेल अशी शोधा. भावाला न्यायला बस येते, वहिनीला न्यायला कुणी येत नाही.

चाकण, महाळुंगे, खराबवाडी इथल्या चाळी मुख्यतः एकट्या पोरांसाठी बांधलेल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, त्यात चार-पाच जण, शिफ्टप्रमाणे झोपणारे. भाडं कमी वाटतं ते माणशी विभागलं जातं म्हणून. कुटुंबाला ती अख्खी घ्यावी लागते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, त्याची वेगळी वर्गणी. बायकांना काम म्हणजे पॅकिंगचं किंवा कँटीनचं, तेही बारा तासांचं आणि लांब. चार वर्षांची मुलगी कुणाकडे ठेवणार? सासू गावाकडे. परिणामी बाई घरी बसते, आणि चार-सहा महिन्यांत मुलीला घेऊन गावी परत जाते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मला त्याचं नवल उरलेलं नाही.

त्यापेक्षा भोसरी, मोशी, जाधववाडी-चिखली हा पट्टा पाहा. स्पाइन रोडच्या दोन्ही अंगांना मोठमोठ्या सोसायट्या झाल्यात आणि त्यांच्यामागेच जुन्या गावठाणातल्या चाळी आहेत. पोळ्या, धुणीभांडी, लहान मूल सांभाळणं ही कामं तिथे चालत्या अंतरावर मिळतात. समजा चाकणला खोली पाच हजारांना पडते आणि मोशीला सात. दोन हजार जास्त गेले. पण वहिनीने सकाळी दोन घरच्या पोळ्या आणि एका घरची भांडी धरली तरी पाच-सहा हजार सहज येतात, आणि दुपारी बारापर्यंत ती घरी असते. ती वेळ अंगणवाडीशी जुळते. पिंपरी-चिंचवड पालिकेच्या शाळा, भोसरीचं पालिका रुग्णालय, थोडं पुढे संत तुकारामनगरचं पालिकेचंच वायसीएम रुग्णालय, मोहननगरचं ईएसआय, सगळं आवाक्यात. घरकामाला लागताना महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीला एका पगाराचा बोनस पहिल्याच दिवशी बोलून घ्यावा. पुण्यात ही रीत आहे. ती मोलकरणींच्या संघटनांनी भांडून पाडलेली आहे, कुणाच्या मेहरबानीने आलेली नाही. वहिनी बारावी आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांना हे काम कमीपणाचं वाटेल हेही मला कळतं. दुकानात किंवा दवाखान्यात बिलिंगचं काम मिळालं तर उत्तमच, पण त्याची वेळ सकाळी दहा ते रात्री आठ असते. मूल शाळेत रुळेपर्यंत ते जमत नाही.

आता शीर्षकातल्या बसविषयी. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांच्या बसेस निगडी, चिंचवड, भोसरी, आळंदी, कुठे कुठे तर पार पुण्यातून सुटतात. कंत्राटी कामगारांना त्या बसमध्ये घेतात का, पैसे कापतात का, आणि दुसऱ्या शिफ्टनंतर रात्री परत सोडतात का, हे तीन प्रश्न खोलीचं टोकन देण्याआधी विचारायचे. कंपनीची बस नसेल तर माझं गणित फिरतं. पीएमपीचा (शहर बसचा) मासिक पास जून २०२५ च्या भाडेवाढीत ९०० वरून १,५०० झाला. पैशापेक्षाही अडचण वेळेची आहे. नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात संध्याकाळी जो खोळंबा होतो तो रोज सोसायचा, आणि रात्री बारा वाजता शिफ्ट सुटल्यावर पीएमपी नाही ती नाहीच. मग पोरं दुचाकी घेतात, हप्ता सुरू होतो, आणि त्या अंधारात ट्रेलरांच्या मधून घरी येतात. बस नसेल आणि शिफ्ट फिरती असेल, तर चाकण बाजारपेठेच्या जवळ, शाळेला लागून खोली पाहा आणि वहिनीच्या कामाचा विचार सहा महिन्यांनी करा.

राहून राहून एक गोष्ट खटकते ती सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली तेव्हा कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही उभी राहिली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण काढलं तेही कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणूनच. २०२१ मध्ये ते विसर्जित झालं, आणि आज निगडी प्राधिकरणात कंत्राटी फिटरला भाड्याची खोलीही परवडत नाही. चाकणमध्ये तर कारखाने आले, कामगारांच्या घरांचा विचार कुणी केलाच नाही. तो भार चाळमालकांवर टाकला, आणि चाळमालक सबमीटर लावून युनिटला बारा रुपये घेतो. महावितरणचा घरगुती पहिल्या शंभर युनिटांचा दर त्याहून खूपच कमी आहे. म्हणून भाडं ठरवताना विजेचा दरही तिथल्या तिथे ठरवा.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. मालक "कशाला खर्च" म्हणेल. सात हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास, नोंदणी १,००० आणि ३०० हाताळणी, एजंटचे वेगळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, पण खर्च तुम्ही अर्धा उचला आणि कागद मिळवा. गॅस जोडणी, बँकेतला पत्ता यांना तो उपयोगी पडतोच. मुख्य म्हणजे मुलीला आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत घालायचं झालं तर भाडेकरूकडून नोंदणीकृत करारच मागतात, नोटरीचा चालत नाही. त्यात दुर्बल घटकाला वार्षिक एक लाखाची उत्पन्नमर्यादा आहे, ती तुमच्या भावाच्या पगारात ओलांडली जाईल. पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांना ती अट नाही. तुमचं जे असेल त्याचा दाखला गावाकडूनच काढून आणा, इथून हेलपाटे परवडत नाहीत.

रेशनकार्डाची घाई करू नका. एकत्र कुटुंबाच्या कार्डावर भावाचं नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर त्यांच्या वाट्याचं धान्य पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं.

आणि कुणी "दोन-तीन लाखांत नोटरीवर खोली नावावर करून देतो" म्हणालं तर तिकडे फिरकूही नका. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २०११ नंतरच्या झोपडीला पात्रता नाही, आणि अनधिकृत बांधकाम कधी पडेल सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत पालिकेने हजारो बांधकामं पाडली, तिथली छोटी वर्कशॉप आणि त्यातली कामंही त्याबरोबर गेली. नदीकाठची स्वस्त खोलीही नको. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, इंद्रायणी-पवनेच्या काठावरही तीच भीती. स्वतःचं घर हवं असेल तर म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत हाच मार्ग. पुणे महानगर क्षेत्रात सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेलं कुटुंब अत्यल्प गटात येतं. पण सोडतीत नाव लागलं तरी कर्ज लागतंच, आणि बँक बघते ती पगाराची स्लिप आणि पीएफ. रोखीने दोन हजार जास्त देणाऱ्या कंत्राटदाराला नाही म्हणायचं, त्याचं हेही एक कारण.

पहिले दोन महिने भावाने एकट्याने यावं, पोरांबरोबर खोलीत राहावं, पगाराची पहिली स्लिप हातात घ्यावी, आणि रविवारी मोशी-भोसरीत खोल्या बघाव्यात. वहिनी आणि मुलगी त्यानंतर, शक्यतो जूनच्या आधी. कंत्राटदाराकडून बसचा मार्ग कळला की इथे टाका, त्या वाटेवर कुठल्या चाळींत पाणी नीट येतं तेवढं मी सांगू शकेन.