जहाज बुडत असताना कप्तानाने सर्वांत शेवटी उतरणे कायद्याने बंधनकारक आहे का?

याचे उत्तर जहाज कोणत्या देशाच्या ध्वजाखाली चालते यावर अवलंबून आहे. ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार सुरक्षेची अंतिम जबाबदारी कप्तानावर टाकतो, परंतु त्याने शेवटीच उतरावे असे त्यात लिहिलेले नाही; इटलीच्या नौकानयन संहितेत मात्र ते स्पष्ट आहे.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले, तेव्हा जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तिनो यांनी जहाज सोडण्याचा आदेश धडकेनंतर तासाभराहून अधिक वेळाने दिला, आणि माझ्या मते त्यांचे स्वतः आधी निघून जाणे जितके गंभीर होते, त्याहून हा विलंब अधिक घातक ठरला, कारण जहाज कलल्यावर एका बाजूच्या अनेक बचावनौका खाली सोडणेच अशक्य झाले. ३२ जण मरण पावले. त्यांत मुंबईजवळचा एक वेटरही होता, ज्याचे अवशेष २०१४ च्या नोव्हेंबरपर्यंत सापडले नव्हते. त्या कुटुंबाने काढलेली ती जवळजवळ तीन वर्षे विसरता येत नाहीत.

२०१५ मध्ये स्केत्तिनो यांना १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये ती कायम झाली. त्यातले केवळ एक वर्ष प्रवाशांना सोडून गेल्याबद्दलचे होते.

पूर्वी प्रवाशांची सुरक्षा कवायत ते जहाजावर चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत असे, त्यामुळे त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ती झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे सक्तीचे आहे.